लिनक्स सर्व्हरवर एफपीएम बसवणे आणि त्यातून पहिले पॅकेज घडवणे

सर्व्हरवर एखादा प्रोग्रॅम हाताने कॉपी करून ठेवला, की तो कुठून आला आणि त्याच्याबरोबर आणखी कोणत्या फाइली आल्या, हे फक्त ठेवणाऱ्याला माहीत असते. सहा महिन्यांनी त्यालाही नीट आठवत नाही. तो प्रोग्रॅम काढायची वेळ आली की शोधाशोध सुरू होते: ही फाइल काढली तर चालेल का, ही जुन्या आवृत्तीची आहे की नव्या, या फोल्डरवर आणखी कोणी अवलंबून आहे का. पॅकेज मॅनेजर, म्हणजे पॅकेजे (प्रोग्रॅम आणि त्याच्या फाइलींचे गठ्ठे) बसवणारी आणि काढणारी व्यवस्था, ही सर्व्हरची खतावणी आहे. जे खतावणीत नोंदलेले नाही त्याचा हिशेब कोणी देऊ शकत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. आपल्या टीमने लिहिलेला प्रोग्रॅमसुद्धा सर्व्हरवर जायचा असेल तर तो पॅकेज होऊनच जावा.

अडचण अशी की डेबियन किंवा रेड हॅट या डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या वितरणांच्या) अधिकृत पद्धतीने पॅकेज बनवणे शिकायला वेळ लागतो. डेबियनकडे नियमांचे मोठे दस्तऐवज आहेत, रेड हॅटच्या आरपीएम या पॅकेज स्वरूपाकडे स्पेक फाइलची (पॅकेजचे वर्णन करणाऱ्या फाइलची) स्वतंत्र भाषा आहे. डिस्ट्रोमध्ये जाणाऱ्या हजारो पॅकेजांसाठी ती शिस्त हवीच. आपल्या पाच-दहा सर्व्हरवर एक छोटी सेवा चढवायची असेल तेव्हा मात्र लोक या अभ्यासाला कंटाळून पुन्हा हाताने कॉपी करण्याकडे वळतात. जॉर्डन सिसल यांनी एफपीएम हे साधन नेमके याच जागेसाठी लिहिले. एक फोल्डर द्या, नाव आणि आवृत्ती सांगा, हवे ते स्वरूप सांगा. पॅकेज तयार होते.

सुरू करण्याआधी लेखनपद्धतीबद्दल एक गोष्ट. या लेखातल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या, आणि वेगळे सांगितले नसेल तर सगळी अक्षरे लहान. 'डीआयआर' किंवा 'ईटीसी' अशी अक्षरे सुटी उच्चारली असतील, तर ती तशीच सुटी टाइप करायची. एक आडवी रेघ आणि दोन आडव्या रेघा यांतला फरक जसाच्या तसा ठेवायचा.

नावाच्या गोंधळापासूनही सावध राहा. पीएचपी-एफपीएम नावाची एक सेवा अनेक वेब सर्व्हरवर असते. ती पीएचपीच्या प्रक्रिया सांभाळते आणि तिचा पॅकेजिंगशी काहीही संबंध नाही. फोर्ट्रान भाषेच्या पॅकेज मॅनेजरचे लघुनावही एफपीएमच आहे. इंटरनेटवर उत्तर शोधताना आपण तिघांपैकी कोणाबद्दल वाचतो आहोत हे आधी पाहा.

कोणत्या सर्व्हरवर बसवायचे

ज्या सर्व्हरवर लोकांची कामे चालतात त्यावर एफपीएम बसवू नका. त्याच्यासोबत रुबी येते, कंपायलर येतो, बरीच लायब्ररी येते, आणि चालत्या सर्व्हरवर यातले काहीच लागत नाही. पॅकेज बनवण्यासाठी वेगळे व्हर्च्युअल मशीन किंवा कंटेनर ठेवा. चालत्या सर्व्हरवर फक्त तयार पॅकेज जावे.

या बिल्ड मशीनवर डिस्ट्रोची कोणती आवृत्ती असावी, याला महत्त्व आहे. तुमचा प्रोग्रॅम सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहून कंपाइल केलेला असेल तर तो जीलिबसी या मूळ लायब्ररीशी जोडला जातो. जुन्या जीलिबसीवर बनवलेला प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर चालतो. उलट दिशेने हे चालत नाही. नव्या मशीनवर बनवलेला प्रोग्रॅम जुन्या सर्व्हरवर 'अमुक आवृत्तीची जीलिबसी सापडली नाही' अशी तक्रार करून थांबतो. म्हणून तुमच्या सर्व्हरांपैकी सर्वांत जुना जो असेल, त्याच आवृत्तीचे बिल्ड मशीन घ्या. नुसत्या स्क्रिप्ट, वेब पाने किंवा सेटिंगच्या फाइली पॅकेज करायच्या असतील तर हा प्रश्न येत नाही.

रुबी आणि बाकीचे सामान

एफपीएम रुबी भाषेत लिहिलेले आहे आणि ते जेम या रुबीच्या स्वतःच्या वितरण पद्धतीने मिळते. म्हणून आधी रुबी हवी. डेबियन आणि उबुंटूवर:

    सुडो ॲप्ट अपडेट
    सुडो ॲप्ट इन्स्टॉल रुबी रुबी-डेव्ह बिल्ड-इसेन्शियल आरपीएम

फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, रॉकी, अल्मा या घराण्यात:

    सुडो डीएनएफ इन्स्टॉल रुबी रुबी-डेव्हल रुबीजेम्स जीसीसी मेक आरपीएम-बिल्ड

एकाच गोष्टीला डेबियनमध्ये 'डेव्ह' आणि रेड हॅट घराण्यात 'डेव्हल' म्हणतात. दुसऱ्या डिस्ट्रोसाठी लिहिलेली सूचना आपल्याकडे चालवली की 'पॅकेज सापडले नाही' असा निरोप येतो, तो बहुधा या एका 'एल'मुळे.

प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढे काही अडले तर कुठे पाहायचे ते कळेल. रुबी तर हवीच. रुबी-डेव्ह आणि कंपायलर अशासाठी की काही जेममध्ये सीचा भाग असतो आणि तो तुमच्या मशीनवर कंपाइल होतो. एफपीएमच्या सगळ्या आवृत्त्यांना ते लागतेच असे नाही, पण बिल्ड मशीनवर ते असण्यात काही बिघडत नाही. डेबियनवर बसवलेल्या आरपीएम पॅकेजमधून आरपीएमबिल्ड हा प्रोग्रॅम मिळतो. एफपीएम आरपीएम स्वरूपाचे पॅकेज बनवताना आतून त्यालाच हाक मारते. डेब या डेबियनच्या स्वरूपाला असा वेगळा कारागीर लागत नाही. डेब फाइल म्हणजे एआर प्रकारचा एक जुना, साधा गठ्ठा असतो. त्यात तीन वस्तू असतात: स्वरूपाचा क्रमांक लिहिलेली एक छोटी फाइल, माहिती आणि स्क्रिप्ट असलेला एक टार गठ्ठा आणि प्रत्यक्ष फाइलींचा दुसरा टार गठ्ठा. एआर आणि टार ही दोन साधने असली की काम भागते, आणि ती वरच्या यादीतून येतातच.

म्हणजे एकाच बिल्ड मशीनवरून दोन्ही स्वरूपांची पॅकेजे निघू शकतात.

एफपीएम बसवणे

रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन जेम चालवण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसेल. त्याची गरज नाही. बिल्डसाठी एक साधा वापरकर्ता बनवा, त्याच्या नावाने लॉगिन करा आणि म्हणा:

    जेम इन्स्टॉल --यूजर-इन्स्टॉल --नो-डॉक्युमेंट एफपीएम

पहिला पर्याय सगळे काही त्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवतो. दुसरा पर्याय मदतपुस्तिका तयार करण्याचे काम टाळतो. छोट्या मशीनवर त्याने बराच वेळ वाचतो.

शेवटी जेम बहुधा एक इशारा देईल, की अमुक फोल्डर तुमच्या पाथमध्ये (शेल जिथे प्रोग्रॅम शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) नाही, त्यामुळे प्रोग्रॅम चालणार नाही. हा इशारा लोक वाचत नाहीत आणि मग 'कमांड सापडली नाही' म्हणून सगळे पुन्हा बसवायला घेतात. इशाऱ्यात दिलेले फोल्डर त्या वापरकर्त्याच्या शेलच्या प्रोफाइल फाइलमध्ये पाथला जोडा आणि पुन्हा लॉगिन करा. इशारा हातून निसटला असेल तर 'जेम एन्व्हायर्नमेंट' ही कमांड सगळे मार्ग छापून दाखवते.

आता पडताळणी:

    एफपीएम --व्हर्जन

आकडा छापून आला की काम झाले. तो आकडा बिल्डच्या नोंदीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दुसरे बिल्ड मशीन उभे करताना जेमला '--व्हर्जन' पर्यायाने तोच आकडा द्या, म्हणजे दोन्ही मशीनवरची पॅकेजे सारखी निघतील. लक्षात ठेवा, एकटे '--व्हर्जन' दिले तरच एफपीएम स्वतःची आवृत्ती सांगते. इतर पर्यायांबरोबर दिले की त्याचा अर्थ तुमच्या पॅकेजची आवृत्ती असा होतो.

बसवताना अडलेच तर बहुधा तीनपैकी एक कारण असते. 'एमकेएमएफ लोड करता येत नाही' असे आले तर रुबी-डेव्ह किंवा रुबी-डेव्हल राहून गेले आहे. 'परवानगी नाही' आले तर '--यूजर-इन्स्टॉल' विसरलात. सुडो लावून त्यातून सुटका करून घेऊ नका. रुबीची आवृत्ती फार जुनी असल्याचे सांगितले तर एफपीएमची जुनी आवृत्ती मागा किंवा नवे बिल्ड मशीन घ्या.

बिल्ड मशीनला इंटरनेटच नसेल, असेही सुरक्षित जाळ्यांत असते. तेव्हा इंटरनेट असलेल्या, तशाच डिस्ट्रोच्या मशीनवर '--इन्स्टॉल-डीआयआर' पर्याय देऊन एका रिकाम्या फोल्डरमध्ये एफपीएम बसवा. त्या फोल्डरात 'कॅश' नावाचे उपफोल्डर तयार होते आणि त्यात एफपीएमसह सगळ्या अवलंबित जेमच्या मूळ फाइली असतात. त्या उचलून बंद मशीनवर न्या आणि त्याच फोल्डरमध्ये उभे राहून 'जेम इन्स्टॉल --लोकल' ला सगळ्यांची नावे द्या.

पॅकेजचा साचा

उदाहरणासाठी 'नोंदवही' नावाची एक काल्पनिक सेवा घेऊ. तिचा एक चालणारा प्रोग्रॅम आहे, एक सेटिंगची फाइल आहे आणि सिस्टमडीसाठी (सेवा सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेसाठी) एक युनिट फाइल आहे. पॅकेजचे नाव रोमनमध्ये लिहाल तेव्हा लहान अक्षरे, आकडे, अधिक, वजा आणि बिंदू एवढेच वापरा. डेबियनचा नियम तोच आहे आणि आरपीएमलाही ते चालते.

फाइली पॅकेजमध्ये घालायच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक फाइल 'इथली=तिथली' अशा जोडीने सांगायची. दुसरीत 'रूट' नावाचे एक फोल्डर करायचे आणि सर्व्हरवर जे जिथे जायला हवे ते त्यात तिथेच ठेवायचे. मी दुसरी पद्धत सुचवेन. फोल्डर उघडले की सर्व्हरवर काय दिसणार ते डोळ्यांसमोर येते, आणि टीममधला नवा माणूसही न विचारता समजू शकतो.

    रूट/ऑप्ट/नोंदवही/बिन/नोंदवही
    रूट/ईटीसी/नोंदवही/नोंदवही.कॉन्फ
    रूट/यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम/नोंदवही.सर्व्हिस

प्रोग्रॅम 'यूएसआर/लोकल'मध्ये ठेवायचा मोह होईल. ती जागा त्या सर्व्हरच्या व्यवस्थापकाने हाताने बसवलेल्या गोष्टींसाठी राखलेली आहे, पॅकेजने तिथे शिरू नये. स्वतंत्र, बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरसाठी 'ऑप्ट' आहे.

जोडीची पद्धत वापरलीत तर शेवटच्या तिरक्या रेघेकडे लक्ष ठेवा. डावीकडच्या फोल्डरच्या नावानंतर तिरकी रेघ असेल तर त्याच्या आतल्या वस्तू जातात, नसेल तर ते फोल्डरच उचलून जाते. आरसिंक वापरणाऱ्यांना ही सवय असेलच.

बांधण्याआधी परवानग्या तपासा. मालक कोण असावा हे एफपीएम स्वतः ठरवते आणि ठरीव उत्तर रूट असते, पण वाचणे, लिहिणे, चालवणे या परवानग्या मात्र तुमच्या फोल्डरात आहेत तशाच पॅकेजमध्ये जातात. बिल्ड वापरकर्त्याचा यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) ०७७ असेल, तर सगळ्या फाइली फक्त मालकापुरत्या होतात. सर्व्हरवर मालक रूट, सेवा चालणार दुसऱ्याच वापरकर्त्याच्या नावाने, आणि मग तिला स्वतःची सेटिंगची फाइलच वाचता येत नाही. फोल्डर आणि प्रोग्रॅम ७५५, साध्या फाइली ६४४, एवढे आधी पक्के करा. सेटिंगच्या फाइलीत पासवर्ड असेल तर तिला ६४० द्या आणि तिचा गट बसवतानाच्या स्क्रिप्टमध्ये बदला. खरा पासवर्ड पॅकेजमध्ये कधीच घालू नका. पॅकेज अनेक हातांतून जाते.

बांधणी

पूर्ण कमांड अशी (एकाच ओळीत टाइप करायची, 'रूट'च्या आधीचा सी मोठा आणि शेवटचा बिंदूही कमांडचाच भाग आहे):

    एफपीएम -एस डीआयआर -टी डेब -एन नोंदवही -व्ही १.२.० --इटरेशन १ -सी रूट .

'-एस' म्हणजे कच्चा माल कोणत्या प्रकारचा, '-टी' म्हणजे काय घडवायचे. 'डेब'च्या जागी 'आरपीएम' लिहिले की दुसरे स्वरूप. कच्चा माल फोल्डरच हवा असे नाही. रुबीचे जेम, पायथनचे पॅकेज, टार गठ्ठा, अगदी तयार डेब किंवा आरपीएमसुद्धा चालते.

आवृत्ती आणि इटरेशन वेगळे का? प्रोग्रॅम बदलला की आवृत्ती वाढते. प्रोग्रॅम तोच, पण पॅकेजमधली परवानगी किंवा स्क्रिप्ट सुधारली, तर इटरेशन वाढते. सर्व्हरवरचा पॅकेज मॅनेजर दोन्ही मिळून नवे-जुने ठरवतो. एकाच आकड्याखाली दोन वेगळी पॅकेजे कधीही बाहेर सोडू नका. मग कोणत्या सर्व्हरवर कोणते आहे ते कोणालाच सांगता येत नाही. चाचणीची आवृत्ती असेल तर टिल्ड चिन्ह वापरा: '१.२.०~आरसी१' हे '१.२.०' च्या आधीचे मानले जाते, त्यामुळे अंतिम आवृत्ती आली की अपग्रेड आपोआप घडते. टिल्डऐवजी बिंदू घातला तर चाचणीची आवृत्तीच मोठी ठरते आणि अंतिम आवृत्ती बसायला तयार होत नाही.

अवलंबित्व '-डी' पर्यायाने सांगतात आणि तो हवा तितक्या वेळा देता येतो. किमान आवृत्ती सांगायची असेल तर सगळा मजकूर अवतरणचिन्हांत घाला. अवतरणचिन्हे राहिली तर 'पेक्षा मोठे' या चिन्हाचा अर्थ शेल वेगळाच लावतो. तो आउटपुट एखाद्या फाइलीत वळवतो आणि तुमची अट मुकाट्याने गळून पडते. पॅकेज बनते, चूक दिसत नाही. शिवाय एकाच लायब्ररीचे नाव डेबियनमध्ये एक आणि रेड हॅट घराण्यात दुसरे असते, म्हणून अवलंबित्वाची यादी दोन्हींसाठी वेगळी ठेवावी लागते. प्रोग्रॅम कोणत्या लायब्ररी वापरतो ते 'एलडीडी' ही कमांड दाखवते.

प्रोग्रॅम कंपाइल केलेला नसेल, नुसत्या स्क्रिप्ट असतील, तर '-ए ऑल' द्या, म्हणजे पॅकेज कोणत्याही प्रोसेसरवर बसेल. '--डिस्क्रिप्शन' आणि '--मेंटेनर' हेही भरा. नाही भरले तर मेंटेनरच्या जागी बिल्ड मशीनवरचे वापरकर्त्याचे आणि यंत्राचे नाव जाते. हे सगळे पर्याय दर वेळी टाइप करण्यापेक्षा फोल्डरात '.एफपीएम' नावाची फाइल करून तीत लिहा, एफपीएम ती आपोआप वाचते. ती फाइल कोडबरोबरच व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवा.

सेटिंगच्या फाइली

सर्व्हरवर कोणी सेटिंग बदलली आणि पुढच्या अपग्रेडने ती पुसली, तर पॅकेजवरचा विश्वास उडतो, आणि ते बरोबरच आहे. डेब बनवताना एफपीएम 'ईटीसी'मधल्या सगळ्या फाइली आपोआप सेटिंगच्या फाइली मानते. आरपीएमसाठी ते तुम्हाला सांगावे लागते:

    --कॉन्फिग-फाइल्स /ईटीसी/नोंदवही

आरपीएममध्ये अशी फाइल सर्व्हरवर बदललेली असेल तर ती तशीच राहते आणि नवी शेजारी 'आरपीएमन्यू' शेपटीने ठेवली जाते. डेबियनवर डीपीकेजी (डेब पॅकेजे प्रत्यक्ष बसवणारे साधन) थांबून विचारते की तुमची ठेवू की नवी घेऊ. समोर माणूस असेल तर हे छान. अपग्रेड रात्री आपोआप चालत असेल तर प्रश्न विचारायला कोणी नसते आणि काम अडकते. डेबियन फ्रंटएंड ही सेटिंग 'नॉनइंटरॅक्टिव्ह' केल्याने हा विशिष्ट प्रश्न टळत नाही. डीपीकेजीला '--फोर्स-कॉन्फओल्ड' हा पर्यायच द्यावा लागतो.

बसवताना आणि काढताना चालणाऱ्या स्क्रिप्ट

या भागात सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून इथे सावकाश वाचा.

पॅकेजबरोबर चार स्क्रिप्ट देता येतात: बसवण्याआधी, बसवल्यानंतर, काढण्याआधी, काढल्यानंतर. एफपीएममध्ये त्या '--बिफोर-इन्स्टॉल', '--आफ्टर-इन्स्टॉल', '--बिफोर-रिमूव्ह' आणि '--आफ्टर-रिमूव्ह' या पर्यायांनी जोडतात. नावे वाचून सरळ वाटते: बसवल्यावर सेवा सुरू करा, काढण्याआधी बंद करा.

मीही तसेच लिहिले होते. डेबियनच्या सर्व्हरवर पहिली आवृत्ती बसली, दुसरी आली, सगळे सुरळीत. मग त्याच स्क्रिप्ट जोडून आरपीएम बनवले आणि दुसऱ्या घराण्यातल्या सर्व्हरवर अपग्रेड केले. अपग्रेड यशस्वी म्हणून निरोप आला, एकही चूक नाही, आणि सेवा बंद. दोन सर्व्हरवर हे सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. ज्यांचे काम अडले त्यांनी कळवले तेव्हा समजले.

कारण क्रमात आहे. अपग्रेड म्हणजे एकाच वेळी नवे बसवणे आणि जुने काढणे, आणि दोन्ही घराणी हे वेगळ्या क्रमाने करतात. डेबियनमध्ये आधी जुन्या पॅकेजची 'काढण्याआधी' स्क्रिप्ट चालते, मग नव्याच्या फाइली येतात, जुन्याची 'काढल्यानंतर' चालते आणि सगळ्यात शेवटी नव्याची 'बसवल्यानंतर' चालते. म्हणजे बंद, मग सुरू. आरपीएममध्ये आधी नवे पूर्ण बसते, त्याची 'बसवल्यानंतर' स्क्रिप्टही चालून जाते, आणि त्यानंतर जुन्याची 'काढण्याआधी' आणि 'काढल्यानंतर' चालते. म्हणजे सुरू, मग बंद. 'काढल्यानंतर'मध्ये तुम्ही सेवेचा वापरकर्ता किंवा डेटाचे फोल्डर पुसत असाल, तर काय होईल याची कल्पना करा.

सुटका स्क्रिप्टला मिळणाऱ्या पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये आहे. आरपीएम तिथे आकडा देते: काम संपल्यावर या पॅकेजच्या किती आवृत्त्या उरतील तो. 'काढण्याआधी'मध्ये शून्य आला तर खरोखर काढले जात आहे, एक आला तर अपग्रेड चालू आहे. 'बसवल्यानंतर'मध्ये एक म्हणजे पहिल्यांदा बसवणे, दोन म्हणजे अपग्रेड. डेबियन आकड्याऐवजी शब्द देते: 'रिमूव्ह', 'अपग्रेड', 'कॉन्फिगर' वगैरे. सेवा बंद करण्याची ओळ नेहमी या अटीच्या आत लिहा.

एफपीएममध्ये याहून सोपा मार्गही आहे. '--बिफोर-अपग्रेड' आणि '--आफ्टर-अपग्रेड' हे आणखी दोन पर्याय आहेत. यांपैकी एकही दिला की एफपीएम स्वतःच अटी घालते: काढण्याच्या स्क्रिप्ट फक्त खरोखर काढतानाच चालतात आणि बसवण्याच्या स्क्रिप्ट फक्त पहिल्यांदाच. दोन्ही दिले नाहीत तर ते जुन्या पद्धतीने वागते आणि अपग्रेडचा फरक कळण्याची जबाबदारी तुमच्या स्क्रिप्टवर येते. म्हणून 'आफ्टर-अपग्रेड'मध्ये सिस्टमडीला युनिट पुन्हा वाचायला सांगा आणि सेवा रीस्टार्ट करा, आणि पहिल्याच पॅकेजपासून ती जोडा.

पहिल्याच पॅकेजपासून, असे मुद्दाम म्हणतो. अपग्रेडच्या वेळी 'काढण्याआधी'ची स्क्रिप्ट जुन्या पॅकेजची चालते. चुकीची स्क्रिप्ट असलेले पॅकेज एकदा सर्व्हरवर गेले की नव्या पॅकेजमध्ये कितीही दुरुस्ती करा, पुढच्या अपग्रेडला ती जुनी चूक एकदा चालतेच. तेव्हा मला '--आरपीएम-पोस्टट्रान्स' या पर्यायाने वाचवले. ही स्क्रिप्ट नव्या पॅकेजची असते आणि सगळा व्यवहार संपल्यावर, अगदी शेवटी चालते. तिच्यात सेवा सुरू करण्याची एक ओळ घालून तो एक अपग्रेड निभावला.

स्क्रिप्ट दोनदा चालली तरी बिघडणार नाही अशी लिहा. वापरकर्ता बनवण्याआधी तो आहे का ते पाहा, फोल्डर बनवताना 'एमकेडीआयआर -पी' वापरा. स्क्रिप्टमध्ये कोणालाही प्रश्न विचारू नका आणि इंटरनेटवरून काही उतरवू नका. डेटाचे फोल्डर कोणत्याही स्क्रिप्टने पुसू नये, हा नियम मी कधी मोडत नाही. ज्याला पुसायचे असेल तो स्वतःच्या हाताने पुसेल.

बसवण्याआधी आत डोकावणे

तयार पॅकेज न बसवता वाचता येते. डेबसाठी:

    डीपीकेजी-डेब --इन्फो नोंदवही_१.२.०-१_एएमडी६४.डेब
    डीपीकेजी-डेब --कंटेंट्स नोंदवही_१.२.०-१_एएमडी६४.डेब

आरपीएमसाठी '-क्यूआयपी' माहिती दाखवते, '-क्यूएलव्हीपी' परवानग्यांसह फाइलींची यादी, आणि '-क्यूपी --स्क्रिप्ट्स' आतल्या स्क्रिप्ट. यादीत पाहायचे ते एवढेच: एखादी फाइल भलत्या ठिकाणी तर जात नाही ना, संपादकाने मागे ठेवलेली बॅकअप फाइल किंवा गिटचे फोल्डर आत शिरले नाही ना, परवानग्या ठरवल्याप्रमाणे आहेत ना.

मग एका कोऱ्या कंटेनरमध्ये किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवा. सेवा सुरू होते का ते पाहायचे तर सिस्टमडी चालणारे व्हर्च्युअल मशीनच बरे.

    सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./नोंदवही_१.२.०-१_एएमडी६४.डेब

सुरुवातीचा बिंदू आणि तिरकी रेघ गाळू नका, नाहीतर ॲप्ट या नावाचे पॅकेज रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) शोधायला जाते. 'डीपीकेजी -आय'नेही बसते, पण ते अवलंबित पॅकेजे स्वतः आणत नाही. दुसऱ्या घराण्यात 'डीएनएफ इन्स्टॉल'ला असाच फाइलीचा मार्ग द्या.

बसवून थांबू नका. चाचणीचा खरा क्रम असा: जुनी आवृत्ती बसवा, सेटिंगची एक ओळ बदला, नवी आवृत्ती चढवा, सेवा चालू आहे आणि बदललेली ओळ शाबूत आहे याची खात्री करा, मग पॅकेज काढा आणि मागे काय उरले ते पाहा. डेबियनवर 'रिमूव्ह' सेटिंग ठेवते आणि 'पर्ज' तीही काढते, दोन्ही करून पाहा. आरपीएम काढल्यावर 'ऑप्ट'मध्ये रिकामे फोल्डर उरले, तर बांधताना '--डिरेक्टरीज /ऑप्ट/नोंदवही' द्यायचे राहिले आहे. त्याशिवाय आरपीएम फाइलींची मालकी घेते पण फोल्डरची घेत नाही.

सर्व्हरांपर्यंत पोचवणे

दोन-तीन सर्व्हर असतील तर फाइल कॉपी करून बसवणे पुरते. त्यापुढे आपली छोटी रिपॉझिटरी उभी करा. डेबसाठी रेप्रेप्रो किंवा ॲप्टली, आरपीएमसाठी क्रिएटरेपो_सी हे साधन सूची तयार करते, आणि ते फोल्डर कोणत्याही साध्या वेब सर्व्हरवरून देता येते. सूचीवर जीपीजी या साधनाने डिजिटल सही करा. डेबियनच्या सर्व्हरवर सार्वजनिक किल्ली 'ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज'मध्ये ठेवून स्रोताच्या ओळीत 'साइन्ड-बाय'ने तिचा मार्ग द्या. 'ॲप्ट-की' ही जुनी कमांड आता वापरायची नाही, कारण तिने जोडलेली किल्ली सगळ्याच रिपॉझिटरींसाठी विश्वासू ठरते. सहीची खासगी किल्ली बिल्ड मशीनवर मोकळी पडू देऊ नका.

रिपॉझिटरीत नवी आवृत्ती टाकताना जुनी लगेच पुसू नका. नवी बिघडली तर 'ॲप्ट इन्स्टॉल नोंदवही=१.१.०-१' असे म्हणून मागे जाता येते, आरपीएमकडे 'डीएनएफ डाउनग्रेड' आहे. मागे जाणे हाही पॅकेज मॅनेजरच्या दृष्टीने एक अपग्रेडच असतो, त्याच क्रमाने त्याच स्क्रिप्ट चालतात. म्हणून वरच्या चाचणीत आणखी एक फेरी जोडा: नवीवरून जुनीवर या, आणि सेवा चालू आहे का ते पाहा.